मे महिन्यातील मुक्काम: आधी पाणी पाहावे, मग तंबू

आपण लिहिले आहे की, आपण आणि नुकतीच दहावीची परीक्षा दिलेला आपला धाकटा भाऊ मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून निघून दोन रात्री तंबूत काढणार आहात. दोघांचे मिळून ४,००० रुपये हाती आहेत, भावाने हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा हट्ट धरला आहे, त्याला स्टोव्ह नेऊन स्वतः स्वयंपाक करायचा आहे आणि तंबू विकत घ्यावा की भाड्याने आणावा, यावर घरात एकमत होत नाही. मी हे सारे प्रश्न एका प्रश्नापाशी आणून ठेवतो, कारण उन्हाळ्यात सह्याद्रीत राहायचे असेल तर तोच पहिला असतो: मुक्कामाच्या जागी पिण्याचे पाणी आहे का आणि ते मे महिन्याच्या अखेरीपर्यंत टिकते का?

हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी आणि माझी थोरली बहीण अशाच एका गडावर ऐन मे महिन्यात गेलो होतो. निघताना माझ्या पाठपिशवीत स्टोव्ह, पातेले आणि रॉकेलची बाटली बसेना, म्हणून मी पाण्याच्या दोन बाटल्या बाहेर काढून ठेवल्या आणि गडावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत असे ताईला ठासून सांगितले. टाकी होती, पण पहिले कोरडे होते आणि दुसऱ्याच्या तळाशी हिरवी साय धरलेले वीतभर पाणी होते, त्यात एक उंदीर मरून पडला होता. तोंडचे पाणी पळणे म्हणजे काय, ते त्या दिवशी कळले. संध्याकाळी ताईने आपल्या पिशवीच्या तळातून ओल्या पंचात गुंडाळलेली अर्ध्या लिटरची बाटली काढली. ती तिने मला न सांगता वेगळी ठेवली होती. ती बुचाने मोजून पाणी देत होती, एक बूच तिला, एक मला, आणि अशा रीतीने आम्ही स्टोव्ह एकदाही न पेटवता रात्रीच खाली उतरलो.

तेव्हापासून मी हिशेब सोपा ठेवला आहे. उन्हात चालायच्या दिवशी माणशी चार ते पाच लिटर पाणी लागते आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे. दोन दिवसांचे पाणी पाठीवर नेणे दोघांना शक्य नाही, म्हणून मुक्काम अशाच ठिकाणी करावा जिथे वस्ती आहे आणि वस्तीला बारमाही पाणी आहे. कोकणकडा अप्रतिम आहे, याविषयी माझा भावाशी वाद नाही. परंतु १,४२४ मीटर उंचीच्या त्या गडावर खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे चढायचे म्हणजे भर उन्हात चार-पाच तासांची चाल आहे, पाचनईची वाट तुलनेने सोपी असली तरी पुण्याहून तिथे पोहोचण्यातच दिवस जातो, आणि गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असल्यामुळे मुक्कामाविषयी वनविभागाचे त्या वेळचे म्हणणे काय आहे, हे आधी विचारावे लागते. तो बेत दिवाळीनंतर ठेवावा. तेव्हा एसटीने जाताना आपले तिकीट अर्ध्या दरात निघेल, कारण १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सर्व गाड्यांत ५० टक्के सवलत आहे. भावाला मात्र पूर्ण पैसे मोजावे लागतील आणि तो कुरकुरेल.

या वेळी मी राजमाचीचा किल्ला सुचवीन. पुण्याहून लोणावळ्यापर्यंत लोकल आहे, तिथून उधेवाडीपर्यंत सुमारे १५ किलोमीटरची कच्ची वाट आहे आणि तीत दमछाक करणारा चढ फारसा नाही. उधेवाडी ही श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या कुशीतली वस्ती आहे. तिथल्या घरांत पिठले-भाकरीचे जेवण मिळते, अंगणात तंबू ठोकू देतात आणि वळीव आलाच तर ओसरीवर अंथरूण टाकता येते. जवळच तळे आणि महादेवाचे जुने मंदिर आहे. पहाटेची लोकल धरून लोणावळ्याला उतरताच चालू लागावे, म्हणजे ऊन चढण्याआधी बरीच वाट मागे पडते. दुपारी साडेअकरा ते चार या वेळात कुठेही चालू नये. त्या वेळी सावलीत झोपावे, पत्ते खेळावेत, भांडावे, पण बालेकिल्ल्याची चढण सकाळी किंवा संध्याकाळीच करावी. परतताना कोंढाणे लेण्यांच्या बाजूने कर्जतला उतरण्याचा मोह होईल, तो आवरावा. ती उतरण उन्हाळ्यात घसाऱ्याची असते आणि कर्जतहून पुण्याकडे घाट चढणारी लोकल नाही. मुंबईहून येणाऱ्यांना ती वाट सोयीची आहे, आपल्याला आल्या वाटेने जाणेच स्वस्त पडेल.

आता पैशांकडे वळतो. पुढील आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, थोडेफार इकडे-तिकडे होतील. दोघांचे लोकलचे येणे-जाणे १०० रुपयांच्या आत बसते. तीन जेवणे माणशी २०० रुपयांनी धरली तर १,२०० रुपये, दोन सकाळचे चहा-पोहे सुमारे ३२०, अंगणातल्या जागेचे दोन रात्रींचे ४०० आणि घरून न्यायच्या कोरड्या खाण्याचे ३५० धरावेत. दोन माणसांचा तंबू व अंथरायच्या चटया तीन दिवसांसाठी ९०० रुपयांपर्यंत भाड्याने मिळाव्यात. ही बेरीज ३,२७० होते आणि ७३० रुपये उरतात. ते उरलेले नाहीत, ते जीपचे पैसे आहेत असे समजावे: पाय मुरगळला किंवा ऊन लागले तर वस्तीतून लोणावळ्यापर्यंत गाडी करावी लागेल. ते थोरल्या भावंडाच्या पाकिटात वेगळ्या कप्प्यात राहावेत, आणि करवंदांच्या द्रोणांसाठी भावाने ते मागितले तरी देऊ नयेत. करवंदांचे पैसे त्याच्या खिशातून जाऊ द्यावेत.

तंबू विकत घेऊ नये. वर्षातून एकदा वापरायचा स्वस्त तंबू म्हणजे बहुधा एकाच कापडाचा, आत दमट आणि वरून गळका. भाड्याचा घेतानाही तो दुकानातच पूर्ण उभा करून पाहावा, काठ्या मोजाव्यात, चेन दोन्ही बाजूंनी ओढावी आणि वरचे पावसाचे कापड आहे ना, याची खात्री करावी. मे महिन्यात पावसाचे कापड कशाला, असे वाटेल. पण २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला होता, एरवी त्याची तारीख ११ जून असते. शिवाय वळवाला तारीख नसतेच. विजा चमकू लागल्या तर बालेकिल्ल्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये, तंबूतही बसू नये, सरळ घराच्या आत जावे.

स्टोव्हविषयी भावाची निराशा होणार आहे. रेल्वेतून गॅसचा डबा किंवा रॉकेल नेण्यास बंदी आहे, आणि राखीव जंगलात आग पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. मे महिन्यात गवत वाळून काडी झालेले असते, एका ठिणगीने डोंगर पेटतो. त्याला स्वयंपाकाची हौस असेल तर दडपे पोहे करायला सांगावेत: पातळ पोहे, कांदा, लिंबू, घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी आणि मीठ, विस्तवाची गरजच नाही. पहिल्या दिवसासाठी दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या न्याव्यात, त्या उन्हातही टिकतात. सोबत गूळ, कोकमाचे आगळ आणि जलसंजीवनीची चार पाकिटे असावीत. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ घालावे. नुसते पाणी ढोसत राहिल्याने घामातून गेलेले मीठ भरून निघत नाही.

भावंडांच्या प्रवासात भांडण होते ते बहुधा ओझ्यावरून आणि थांबण्यावरून. मित्राला आपण भीड धरतो, भावंडाला धरत नाही. म्हणून घरीच काट्यावर दोन्ही पिशव्या तोलून घ्याव्यात आणि ‘आता परत फिरू’ असे दोघांपैकी कोणीही म्हटले तर प्रश्न न विचारता परत फिरायचे, एवढे आधी ठरवावे. त्याने पाणी काढून दुसरे काही भरले आहे का, हे निघण्याच्या सकाळी पुन्हा पाहावे. सोळा वर्षांचा मुलगा काय काय बाहेर ठेवतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

रात्री बूट तंबूच्या आत ठेवावेत आणि सकाळी झटकून घालावेत, कारण विंचू आणि फुरसे दोन्ही या भागात आहेत. दंश झालाच तर बांधणे-कापणे असले काही न करता १०८ क्रमांक लावावा आणि दवाखाना गाठावा. आग्या मोहोळ दिसल्यास त्याखालून जाणे टाळावे आणि अत्तर लावून जाऊ नये.

तारीख हलवता येत असेल तर ती महिन्याच्या शेवटच्या आठवड्याकडे आणि जमल्यास अमावास्येच्या आसपास न्यावी. पहिले वळीव पडून गेले की राजमाचीच्या रानात काजवे दिसू लागतात आणि अंधार जितका गडद, तितके ते चांगले दिसतात. तेव्हा टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद रबराने बसवून ठेवावा, आणि पहिल्या झाडाशी पोहोचल्यावर तोही बंद करावा.