गाडी नाही, रविवारच मोकळा: मुंबईहून सह्याद्रीत पहिल्यांदा कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी नागपूरहून मुंबईत आलात, सुट्टी फक्त रविवारची, आणि ऑफिसातले सगळे म्हणतायत, ‘जुलैत कलावंतीणच्या सुळक्यावर चल.’

नका जाऊ. निदान पहिल्यांदा तरी नको, आणि जुलैत तर नकोच. मला विचाराल तर ऑक्टोबरात कोथळीगड करा. गावातले लोक त्याला पेठचा किल्ला म्हणतात. लोकलने कर्जत, तिथून शेअर टमटमने कशेळे, पुढे आंबिवली गाव. पाय तिथूनच चालवायचे.

पहाटेची कर्जत लोकल पकडा आणि उजव्या हाताची खिडकी धरा. मी डोंबिवलीचा, त्यामुळे मला खिडकी क्वचितच मिळते, दारातून मान काढून बघतो. अंबरनाथच्या आसपास मलंगगड, वांगणीला चंदेरीचा सुळका, मग नेरळवर पेबचा किल्ला आणि माथेरान. नवखे लोक यालाच सह्याद्रीची मुख्य रांग समजतात. ती खरी डावीकडे, उल्हास नदीच्या खोऱ्यापलीकडे. सकाळच्या धुरकट उजेडात नुसती निळी भिंत दिसते. तुम्हाला जायचंय त्या भिंतीच्या पायथ्याशी.

आंबिवलीहून रमतगमत दोन तासांत पेठवाडी येते. वाडीच्या डोक्यावर एकच सुळका, आणि सुळक्याच्या तळाशी कोरीव खांबांची ऐसपैस गुहा. इथवर ठीक. खरी गंमत पुढे आहे. सुळका आतून कोरून त्यातूनच वर जायचा जिना काढलाय. दोन्हीकडे कातळ, डोक्यावर आभाळाची चिंचोळी फट, आणि एकेक पायरी गुडघ्याच्या वर. बुटक्या माणसाने हात टेकूनच चढायचं. ज्यांनी हा जिना खोदला त्यांची उंची किती होती, असा प्रश्न मला दर वेळी पडतो.

माझ्या पहिल्याच फेरीत पेठवाडीत शिरताना उजव्या बुटाचा तळवा उघडला. बूट महागाचे होते, पण दोन वर्षं माळ्यावर पडून होते, डिंक सुकला होता. ज्या घरी चहा घेतला तिथल्या मावशींनी काही न बोलता पडवीतली सुतळी काढली, बुटाला दोन आडवे आणि एक उभा वेढा दिला आणि म्हणाल्या, ‘आता गाठीवर पाय टेकू नको, कडेने टाक.’ तसाच कडेने पाय टाकत वर जाऊन आलो. उतरल्यावर त्यांच्याकडेच पिठलं-भाकरी खाल्ली. चढण्याआधी सांगून ठेवलं की परतेपर्यंत तयार असतं.

माथ्यावरून भीमाशंकरचा घाटमाथा समोर उभा असतो, अलीकडे पदरगड, उत्तरेला सिद्धगड. कड्यांवरचे आडवे पट्टे नीट बघा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला. टणक थराचा कडा उरतो, मऊ थर झिजून त्यावर माती आणि झाडी येते. म्हणून आपल्याकडे कडा, मग झाडीचा पट्टा, पुन्हा कडा, असं दिसतं. किल्ल्यांच्या माच्या, म्हणजे माथ्याखालचे सपाट टप्पे, बहुतेक याच पायऱ्यांवर बसल्यात. तुमच्या सीताबर्डीची टेकडीही याच काळ्या दगडाची, तेव्हा अगदीच परका मुलूख नाही.

आता जुलै का नको? कारण ज्या हिरव्या फोटोंवर लोक भाळतात ते बहुतेक सप्टेंबरचे असतात. जुलैत तुम्ही चार तास चढून ढगाच्या आत उभे राहता आणि समोरचा माणूसही दिसत नाही. मला ते आवडतं, पण डोंगर आधी पाहिलेला असला की. सप्टेंबरअखेरीस पाऊस ओसरतो, पठारं सोनकीच्या फुलांनी पिवळी होतात, ओढ्यांना पाणी असतं. कारवीचं विचाराल तर हे रानझुडूप आठ वर्षांनी एकदाच फुलतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०१६ला फुलली, मग २०२४ला. पुढची वाट बघायला तुम्हाला नोकरी टिकवावी लागेल!

कलावंतीणबद्दल: वाट सुंदर आहे, पायऱ्या कातळात कोरलेल्या, पण कडेला आधार काही नाही. रविवारी चढणारे आणि उतरणारे त्याच पायऱ्यांवर समोरासमोर येतात, आणि सेल्फीवाले मधेच थांबतात. भीती उंचीची नाही, गर्दीची आहे. जायचंच तर आडवारी रजा टाकून जा.

पेठ जमला की पुढे माहुली. कसारा लाइनवर आसनगावला उतरा, रिक्षाने माहुली गाव. चढ दमवणारा आहे, वर लोखंडी शिडी लागते. १६३६मध्ये शहाजीराजांवर शरणागती पत्करायची वेळ आली तो हाच किल्ला. कोंदिवडेहून कोंढाणे लेण्यांवरून राजमाचीचा किल्ला हा लांबचा पण मायेचा चढ. तिथे मात्र मुक्काम करा, मेअखेरीस काजवे बघायला तर नक्कीच. कळसूबाई (१६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर) आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा लोकलच्या टप्प्यात नाहीत. कसाऱ्यापुढे जीप करावी लागते, त्यासाठी चारपाच जण जमवा.

पाणी माणशी तीन लिटर, ऑक्टोबरचं ऊन पाठ भाजून काढतं. आंबिवलीहून परतीची गाडी संध्याकाळी मिळेलच असं नाही, म्हणून सकाळच्या टमटमवाल्याचाच नंबर घेऊन ठेवा. आणि बूट माळ्यावरून काढणार असाल तर ते शनिवारी घालून इमारतीचे जिने दोनदा चढून-उतरून बघा.