डाएट प्लॅन घेण्याआधी भाकरी बघा

वहिनी, वजन कमी करायला डाएट प्लॅन घेऊ का विचारलंत, तर जरूर घ्या, पण आधी त्यात ज्वारीची भाकरी आहे का बघा. ओट्स-किनोआचा तक्ता आपल्या सांगलीच्या घरात टिकत नाही. सासूबाईंचं वेगळं, तुमचं वेगळं, रोज कोण रांधणार? मध्यम भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, काकडी-कांदा, ताक, एवढ्यात पोट भरतं, प्रथिनंही मिळतात. आठवड्याला अर्धा ते एक किलो वजन उतरलं तरी पुरे. त्याहून जास्तीची हमी देणाऱ्याच्या नादी लागू नका. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा दोन वेळाच जेवायचा मार्ग काहींना मानवतो, पण तुम्हाला शुगरची गोळी चालू आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहायचं नाही. आणि हो, चहासोबतचं भडंग पिशवीतून खाऊ नका, वाटीत काढून घ्या. तेल नि शेंगदाणे त्यात भरपूर असतात.