भीती सुईची नसते, नावाची असते

प्रश्न : ताई, आम्ही काही मित्रमैत्रिणी बाहेरून कामाला आलेल्या लोकांच्या वस्तीत आरोग्याचं काम करतो. मागच्या महिन्यात एचआयव्ही टेस्टिंगचा कॅम्प लावला, फुकट होता, सुट्टीच्या दिवशी होता, मोठा बॅनर लावला, मुकादमाकडून निरोपही दिला. दोनशेच्या वर माणसं राहतात तिथे, आली अकरा. आमच्यातले काही म्हणतात की या लोकांना जागृतीच नाहीये. नक्की काय चुकलं?

उत्तर : जागृती नाहीये हे मला अजिबात पटत नाही. तुमच्या पत्रातच उत्तर आहे बघा, बॅनर आणि मुकादम. ज्याच्या हातात आपली रोजी आहे, राहायची खोली आहे, त्यानेच सांगितलं की जा एचआयव्हीची तपासणी करून या, तर कोण जाईल? पॉझिटिव्ह आलं आणि त्याला कळलं तर काम गेलं, कागदपत्रं अर्धवट असतील तर परत पाठवतील, ही धास्ती आपल्याला घरात बसून कळत नाही.

एका कॅम्पमध्ये मी टेबलापाशी बसले होते तेव्हाची गोष्ट. एक बाई रांगेत पुढे आली, रजिस्टरवर नाव, मोबाईल, मूळ पत्ता असे रकाने बघितले आणि काही न बोलता मागच्या मागे निघून गेली. तेव्हापासून मी म्हणते की नावाऐवजी कोड नंबर द्या आणि रजिस्टर कोण बघणार, कोण नाही, हे आधीच त्यांच्या भाषेत सांगा. दुभाषा त्यांच्याच गावचा नको, ओळखीचा तर नकोच. आपल्याला सोय वाटते पण समोरच्याला वाटतं उद्या गावी फोन जाणार.

बॅनर काढून टाका. बीपी, शुगर, एचआयव्ही सगळं एकाच ठिकाणी ठेवा, म्हणजे रांगेत उभं राहिल्यावर कुणी कशासाठी आलंय ते कळत नाही. पण एचआयव्हीची टेस्ट प्रत्येकाला विचारून, त्याच्या होकारानेच करायची, बीपीच्या नावाखाली गुपचूप रक्त घ्यायचं नाही. वेळ शिफ्ट सुटल्यावरची ठेवा. रॅपिड टेस्टचा रिझल्ट साधारण पंधरा-वीस मिनिटांत येतो, तो आडोशाला बसून सांगा.

ज्यांना कॅम्पला यायचंच नाही त्यांच्यासाठी सेल्फ टेस्ट किट आहे, जागतिक आरोग्य संघटनेने 2016 पासून तिची शिफारस केलीये. पण किट हातात देऊन मोकळं व्हायचं नाही. किटवर पॉझिटिव्ह आलं तर तो शेवटचा निकाल नसतो, पुढची तपासणी लागतेच. आणि अगदी अलीकडे संबंध आला असेल तर निगेटिव्ह रिझल्टवरही विसंबून चालत नाही, विंडो पिरियड असतो, म्हणजे लागण झालेली असूनही सुरुवातीचा काही काळ ती टेस्टमध्ये दिसत नाही, तीन महिन्यांनी परत करायला सांगा. धोका दोन-तीन दिवसांपूर्वीचाच असेल तर मात्र थांबायचं नाही, 72 तासांच्या आत पेप नावाची, लागण टाळण्यासाठीची औषधं सुरू करता येतात, जितक्या लवकर तितकं बरं.

एक गोष्ट तर ओरडून सांगावीशी वाटते. औषधं नियमित घेऊन रक्तातला व्हायरस मोजण्याइतकाही उरला नाही आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे कुणी सांगतच नाही यांना! टेस्ट म्हणजे शिक्षा सुनावणं असं वाटत असेल तर कोण येणार, त्यातून पुढे धडधाकट आयुष्य आहे हे कळलं तर माणूस स्वतःहून विचारतो.

आणि हो, ही माणसं काम संपलं की दुसरीकडे जातात. उपचार कुठे सुरू झाले, कोणती औषधं चालू आहेत हे लिहिलेला कागद हातात द्या, जिथे जाणार तिथलं सेंटर आधीच शोधून ठेवा, प्रवासापुरत्या गोळ्या जास्तीच्या मिळतात का विचारा.

त्या अकरा जणांना परत भेटा. का आलात, बाकीचे का नाही आले, हे त्यांच्याइतकं नीट कुणीच सांगणार नाही. त्यातले दोघं-तिघं तयार असतील तर त्यांनाच ट्रेनिंग द्या, गुप्तता पाळण्याचं आधी, आणि त्यांच्या वेळेचे पैसेही द्या.