वाचकांचे प्रश्न : प्लेऑफचे सोळा संघ आधीच कसे ओळखायचे?

प्रश्न : आम्ही सात-आठ मित्र दर ऑक्टोबरात, हंगाम सुरू होण्याआधी, एनबीएच्या (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) प्लेऑफचे, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांचे, सोळा संघ वहीत लिहून ठेवतो. निम्मे चुकतात. गेल्या वर्षीचा गुणतक्ता धरून चालणं चूक आहे का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : तक्ता जरूर घ्या, पण विजयांचा रकाना हाताने झाका आणि गुणफरक बघा : दर सामन्याला केलेले गुण वजा दिलेले गुण. दोन-तीन गुणांनी सुटलेल्या सामन्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो, आणि ते नशीब पुढच्या वर्षी सोबत येत नाही. शून्य फरकाचा संघ साखळीतल्या ८२ पैकी ४१ सामने जिंकतो असं धरा. त्यापुढे सरासरी फरकाच्या दर गुणामागे साधारण २.७ विजय वाढवा किंवा कमी करा. २०२२-२३ मध्ये मायामी हीटने ४४ सामने जिंकले, पण त्यांचा फरक उणे ०.३ होता, म्हणजे हिशेबाने ४० विजयांचा संघ. प्ले-इनमध्ये (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीचे सामने) ते अटलांटाकडून हरले, शिकागोला हरवून कसेबसे आठवे आले. पुढे त्यांनी थेट फायनल गाठली, ही गोष्ट विलक्षणच. पण साखळीपुरता आपला हिशेब खोटा नव्हता.

आता त्या फरकाचा तिसरा हिस्सा कापून टाका. फार चांगले संघ थोडे खाली येतात, फार वाईट संघ थोडे वर.

खरी मेहनत यापुढे आहे, आणि बहुतेक जण नेमकी तीच टाळतात. एका सामन्यात पाच जागा गुणिले ४८ मिनिटं, म्हणजे २४० मिनिटं वाटायची असतात. प्रत्येक संघासाठी एक पान घ्या, नऊ-दहा खेळाडू लिहा आणि बेरीज २४० येईल अशी मिनिटं वाटा. मुख्य खेळाडूला ३४-३६ मिनिटं द्या, पण ८२ नव्हे तर ६५-७० सामनेच धरा. शंभर चेंडूताब्यांमागे (चेंडू एकदा हाती आला की एक ताबा; सामन्यात संघाला साधारण शंभर मिळतात) संघाला ६ गुणांचा फायदा देणारा खेळाडू ३६ मिनिटं खेळला, तर सामन्याला सुमारे साडेचार गुण, म्हणजे वर्षाला १२ विजय होतात. तो निम्मा हंगाम बाहेर बसला की ६ विजय गेले.

मेम्फिसचं उदाहरण घ्या. २०२२-२३ मध्ये ५१ विजय, फरक अधिक ३.९. तिसरा हिस्सा कापला की २.६ उरतात, म्हणजे पुढच्या वर्षी ४८ विजय. प्रत्यक्षात झाले २७. मुख्य खेळाडू जा मोरँट याच्यावर पहिल्या २५ सामन्यांची बंदी होती, परतल्यावर खांदा दुखावला, आणि वर्षभरात तो ९ सामने खेळला. स्टीव्हन अ‍ॅडम्स गुडघ्यामुळे एकही सामना खेळला नाही. त्या हंगामात संघाला ३३ खेळाडू वापरावे लागले. खांद्याचं कुणाला कळणार? पण बंदी जूनमध्येच जाहीर झाली होती आणि अ‍ॅडम्सची बातमी हंगामाच्या तोंडावर आली होती. ज्याने मिनिटं वाटली, त्याचा ४८ चा आकडा पहिल्या सामन्याआधीच खाली आला असता.

प्रश्न : डेट्रॉइट १४ विजयांवरून पुढच्याच वर्षी ४४ वर गेलं. हे कोणत्या हिशेबात बसतं? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : बसत नाही. २०२३-२४ च्या फरकावरून त्यांना पंचविसाच्या आसपास विजय मिळाले असते. पण खुणा होत्या. त्यांचा मुख्य खेळाडू केड कनिंगहॅम २३ वर्षांचा होत होता, आणि २० ते २४ या वयात खेळाडू झपाट्याने सुधारतात. टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर आल्याने तीन गुणांचे फटके मारणारे हात वाढले, कोचही बदलला. म्हणून तरुण संघांना दोन-तीन विजय वाढवून द्या, आणि बत्तिशी ओलांडलेल्यांवर उभ्या असलेल्या संघांचे तेवढेच कापा. तीस विजयांची उडी मात्र कुणालाही देऊ नका.

प्रश्न : किती विजय झाले की संघ आत धरायचा? (एक वाचक, बीड)

उत्तर : ईस्ट आणि वेस्ट या लीगच्या दोन गटांचे वेगळे तक्ते करा, प्रत्येकातून आठ संघ प्लेऑफला जातात. २०२३-२४ मध्ये ईस्टचा दहावा संघ अटलांटा ३६ विजयांवर प्ले-इनला पोचला; वेस्टमध्ये दहाव्या गोल्डन स्टेटचे ४६ होते, आणि ४१ विजयांचं ह्यूस्टन अकरावं राहून घरी बसलं. पहिले सहा थेट आत जातात. सातवा-आठवा भिडतात, जिंकणारा आत. हरणाऱ्याला नववा-दहावा या सामन्याच्या विजेत्याशी आणखी एक संधी मिळते. सगळे सामने बरोबरीचे मानले तर सातव्या-आठव्याला ७५ टक्के, नवव्या-दहाव्याला २५ टक्के. दहावा म्हणजे बाहेरच असं समजू नका : २०२५ मध्ये मायामी दहाव्या जागेवरून आत गेलं.

प्रश्न : पहिल्या दहा सामन्यांनंतर अंदाज बदलावा का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : मृगाची एक सर आली म्हणून आपण सोयाबीन पेरत नाही, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ देतो. इथेही तेच. एका सामन्याचा फरक १२-१३ गुणांनी सहज हलतो, त्यामुळे दहा सामन्यांच्या सरासरीतही ४ गुणांची चूक राहते, म्हणजे वर्षाला ११ विजय! वीस सामन्यांच्या सुमारास जुना आणि नवा आकडा निम्मा-निम्मा धरा. मोठी दुखापत झाली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी मिनिटं पुन्हा वाटा.

प्रश्न : कुणाचा अंदाज सरस, हे ठरवायचं कसं? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नुसतं आत-बाहेर लिहू नका, तीसही संघांना टक्के द्या, बेरीज १६०० यायला हवी. ८० टक्के दिलेला संघ आत गेला तर चूक ०.२, तिचा वर्ग ०.०४. बाहेर राहिला तर ०.६४. शंभर टक्के छातीठोक सांगून चुकलात, तर पूर्ण १. तीस संघांची सरासरी काढा. जितकी कमी तितकं चांगलं. काहीही न बघता प्रत्येकाला ५३ टक्के दिले तरी ०.२५ येते. तुमच्यातला जो त्याच्याही वर गेला, त्याची मिनिटांची पानं आधी तपासा.