होसे वास्कोन्सेलोस मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष होते का?

नाही. 1929 ची निवडणूक त्यांनी लढवली, पण अधिकृत निकालात पास्कुआल ओर्तिस रुबिओ विजयी ठरले. मतमोजणीत घोटाळा झाला, असा वास्कोन्सेलोस यांचा आरोप होता. त्यानंतर त्यांनी देश सोडला.

त्यांचं खरं काम त्याआधीचं. पेशाने वकील. 1920 मध्ये राष्ट्रीय विद्यापीठाचे रेक्टर (म्हणजे कुलगुरू), 1921 मध्ये नव्या शिक्षण मंत्रालयाचे पहिले मंत्री. खेड्यापाड्यांत शाळा, वाचनालयं, स्वस्त पुस्तकं, आणि सरकारी इमारतींच्या भिंती थेट दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकारांच्या हवाली! जेमतेम तीन वर्षांत एवढं. 1924 मध्ये राजीनामा दिला.

पुढे 1940 मध्ये मात्र ते नाझीधार्जिण्या नियतकालिकाचे संपादक झाले. कौतुक करताना लोक हे सोयीस्करपणे गाळतात.