पहिले आकडे बघून रिचार्ज मारू नको

भाऊ, रिचार्जचं दुकान टाकलंस, छान केलंस. पण मोबाईल नंबरचे पहिले चार आकडे बघून सिमची कंपनी ठरवू नको. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, जुलै २०१५ पासून सर्कल, म्हणजे मोबाईल सेवेचा विभाग, बदललं तरी. मुंबईचं सर्कल आपल्याहून वेगळं, त्यामुळं तिकडून परभणीला परतलेल्या पोरांचे नंबर तर हमखास फसवतात. ॲपनं आपोआप दाखवलेली कंपनीही कधी जुनी निघते.

मोबाईल समोर असेल तर सेटिंगमध्ये सिमपुढचं नाव बघ. दोन सिम असतील तर कोणतं, ते आधी विचार. मोबाईल गावाकडं आजीपाशी असला, तर तिथं फोन लावून घरातल्या कुणाला तरी मागच्या रिचार्जचा मेसेज वाचायला लाव. गिऱ्हाईक घाई करंल, करू दे. चुकीचा गेलेला रिचार्ज परत मिळवणं लई अवघड.