इंग्रजीतला ‘समरी’ हा शब्द आला कुठून? ‘समर’ म्हणजे उन्हाळ्याशी त्याचं काही नातं आहे का?

उन्हाळ्याशी काही नातं नाही. पण तुमचा तर्क मला आवडला, कारण आमच्या यवतमाळकडे मे महिन्यात माणूसच आटून अर्धा होतो!

उन्हाळ्याचा ‘समर’ हा जर्मानिक घराण्यातला शब्द. ‘शतं समाः’मधली जी संस्कृत ‘समा’, म्हणजे वर्ष, तिचा तो लांबचा भाऊबंद. ‘समरी’ मात्र लॅटिनमधून आली. लॅटिनमध्ये ‘सुम्मुस’ म्हणजे सगळ्यांत वरचा आणि ‘सुम्मा’ म्हणजे एकूण बेरीज. आता ‘वरचं’ आणि ‘एकूण’ यांना एकच शब्द कसा? तर रोमन लोक आकड्यांचा रकाना खालून वर मोजत जायचे आणि बेरीज माथ्यावर मांडायचे. आपण रेघ मारून ती खाली लिहितो, एवढाच फरक. शिखर या अर्थाचा ‘समिट’ही याच घरचा. आणखी मागं गेलं तर ‘सुपर’ लागतो, त्याच्या शेजारी संस्कृत ‘उपरि’, आणि त्या ‘उपरि’तून आपला रोजचा ‘वर’. म्हणजे ‘समरी’ आणि ‘माळ्यावर ठेव’ मधला ‘वर’ हे चुलत-चुलत भाऊ निघाले.

इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकात आधी विशेषण म्हणून आला, नाम नंतर झालं. विशेषणाचा अर्थ थोडक्यात उरकलेलं. कायद्यातली ‘समरी ट्रायल’, म्हणजे संक्षिप्त खटला, ती त्यातलीच. आणि पोलिसांची समरी आपल्याकडं खेड्यातल्या माणसालाही माहीत असते. विहिरीवरची मोटर चोरीला गेली, तपास झाला, चोर सापडला नाही, की कागद येतो ‘अ समरी’चा : गुन्हा खरा, आरोपी मिळाला नाही. मुद्दाम खोटी तक्रार दिली असेल तर ‘ब’, गैरसमजातून दिली असेल किंवा मामला दिवाणी असेल तर ‘क’. माझ्या मोटरीची ‘अ’ झाली. घरात अजून आहे तो कागद, मोटर काही आली नाही.

अर्थ विचाराल तर सारांश, गोषवारा. पटवाऱ्याच्या दप्तरात अजून गोषवाराच चालतो (तलाठी म्हणा, आमच्याकडं पटवारीच म्हणतात). तो शब्द फारसी. ‘गोश’ म्हणजे कान, ‘गोशवारा’ म्हणजे कानातला दागिना, आणि हिशेबाचा सार असाही अर्थ फारसीतूनच आलेला.

पण सारांश म्हणजे कापाकापी, असं जे शाळेत डोक्यात बसतं, त्याबद्दल थोडं बोलतो. मी तहसीलसमोर अर्जनवीस आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या गोष्टी एका पानात बसवणं हाच धंदा. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक म्हातारी आली. शेजाऱ्यानं धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, नांगरून वावरात घेतला होता. “भाऊ, मी सांगतो तसं लेहा,” म्हणाली. (आमच्या वऱ्हाडीत बाईही ‘सांगतो’च म्हणते.) मग लग्न करून आली तिथून सुरुवात. सासऱ्यानं विहीर खोदली, ढवळ्या नावाचा बैल गोठ्यात मेला, त्याला धुऱ्यावर पुरला, मालक गेले, पोट्टं पुण्याला गेलं. पाऊण तास ऐकलं आणि लिहिलं : ‘विषय : सामाईक धुरा नांगरून अतिक्रमण केल्याबाबत.’ खाली सहा ओळी. वाचून दाखवल्या.

“एवढंच? अन् माहा ढवळ्या कुठी गेला?”

म्हटलं, आजी, बैलाचं तहसीलदाराला काय करायचं आहे?

“काय करायचं म्हंजे? त्याच्यावर त लिंब लावला ना बाप्पा मालकानं! तोच त धुरा हाये आमचा!”

मी पेन खाली ठेवला. ज्याला मी फापटपसारा समजून टाकून दिलं, तीच हद्दीची खूण होती. वीसेक वर्षांचं कडुनिंबाचं झाड, दोन्ही वावरांच्या बरोबर मधे, आणि नांगरलेला पट्टा त्याच्या आजीकडच्या बाजूला. कागद फाडला, नवा घेतला. ‘सदर धुऱ्यावर अंदाजे 20 वर्षे वयाचे कडुनिंबाचे झाड उभे असून ते उभय शेतांची हद्द दर्शविते’ ही ओळ पहिल्या परिच्छेदात घातली. आजीचं लग्न आणि पोट्ट्याचं पुणं गळालंच, ते गळणारच होतं. पण झाड घालायचं तर आधी सगळी गोष्ट खालपासून वरपर्यंत मोजावी लागली, त्या रोमन रकान्यासारखी. एक आकडा सुटला असता तर माथ्यावरची बेरीज चुकली असती.

आणि अर्जात ‘विषय’ कुठं लिहितात पाहा. मजकुराच्या माथ्यावर. रोमन लोक पाहते तर त्यालाच ‘सुम्मा’ म्हणाले असते.

दुसऱ्यांदा वाचून दाखवल्यावर आजीनं अंगठा दिला, नऊवारीच्या ओच्यातून पन्नासची नोट काढली आणि विचारलं, “ढवळ्याचं नाव नाही लेहलं त चालते का?”

चालते म्हटलं.